शून्य आपले, मग दशांश चिन्ह कोणाचे?

प्रश्न : शून्य आणि दशमान पद्धत ही भारताची देणगी, असे आम्ही शाळेत शिकलो. पण माझे आजोबा आयुष्यभर पावकी, निमकी आणि दिडकीवर हिशेब करत. त्यांच्या वहीत दशांश चिन्ह कधी दिसले नाही. मग हे दशांश अपूर्णांक आपल्याकडचे, की बाहेरून आलेले? दुसरी अडचण घरातलीच आहे. पाचवीतली नात म्हणते, ०.४५ हे ०.५ पेक्षा मोठे, कारण पंचेचाळीस पाचापेक्षा मोठे. तिला काय सांगावे?

उत्तर : दोन्ही प्रश्न वेगळे वाटले तरी गाठ एकच आहे. आधी नातीचा प्रश्न सोडवू, म्हणजे आजोबांच्या वहीचे कोडेही उलगडायला सोपे जाईल.

४४४ ही संख्या घ्या. अंक तिन्ही ठिकाणी तोच; पण पहिल्या चाराची किंमत चारशे, दुसऱ्याची चाळीस आणि तिसऱ्याची नुसती चार. उजवीकडे एक घर सरकले, की किंमत दहाव्या हिश्शावर येते. आता एककाच्या घरापाशी पोचल्यावर थांबायचे का? थांबायला तसे काहीच कारण नाही. आणखी एक घर उजवीकडे गेलो, तर तिथल्या चाराची किंमत चार दशांश. म्हणजे एकाचे दहा सारखे भाग केले आणि त्यातले चार घेतले. त्याच्या पुढचे घर शतांशाचे, त्यापुढचे सहस्रांशाचे. नियम जुनाच, फक्त तो एककापाशी न अडवता पुढे जाऊ दिला. दशांश अपूर्णांक म्हणजे एवढेच.

मग त्या टिंबाचे काम काय? एककाचे घर कुठे संपले ते दाखवणे, याखेरीज त्याला दुसरे काम नाही. ४४४४४ असे सलग लिहिले तर ती चव्वेचाळीस हजारांची संख्या झाली, ४४४.४४ लिहिले की तिसरा चार एककाचा हे कळले आणि बाकीच्यांची घरे आपोआप ठरली. टिंबामुळे एका संख्येच्या दोन संख्या होतात, डावीकडची एक आणि उजवीकडची दुसरी, असे पुष्कळांना वाटते. नातीची चूक नेमकी इथून येते. ती टिंबाच्या उजवीकडे ‘पंचेचाळीस’ ही स्वतंत्र संख्या पाहते आहे. तिथे आहेत चार दशांश आणि पाच शतांश. समोर आहेत पाच दशांश. शंभर आणि नव्वद यांची तुलना करताना आपण मोठ्या घरापासून सुरुवात करतो, तशीच इथेही करायची. दशांशाच्या घरात चारापेक्षा पाच मोठा, निकाल तिथेच लागला. तिला ०.५ च्या पुढे एक शून्य लिहून ०.५० करायला सांगा. शतांशाच्या घरात काही नाही एवढेच ते शून्य सांगते, किंमत बदलत नाही. आता ४५ शतांश आणि ५० शतांश शेजारी शेजारी दिसतील.

या चुकीला आपली बोलण्याची सवयही हातभार लावते. आपण सर्रास ‘पॉइंट पंचेचाळीस’ म्हणतो. पाठ्यपुस्तकात ‘शून्य दशांश चिन्ह चार पाच’ असे सुटे अंक वाचायला सांगतात, तो नुसता शिस्तीचा हट्ट नाही. सुटे अंक वाचले की प्रत्येक अंक आपापल्या घरात राहतो. रुपये-पैशांमुळे मात्र उलटी सवय लागते : १२.५० म्हणजे बारा रुपये पन्नास पैसे. कॅल्क्युलेटर शेवटचे शून्य गाळून १२.५ दाखवतो, आणि मग एखादा त्याचे बारा रुपये पाच पैसे करून बसतो. पाच पैसे लिहायचे तर १२.०५ लिहावे लागतील. मधले शून्य तिथे दशांशाचे घर रिकामे आहे हे सांगते.

इथेच एक इशारा देऊन ठेवतो, कारण मोठ्यांचीही यात गफलत होते. टिंब दिसले म्हणजे दशांश चिन्हच आहे असे नाही. क्रिकेटच्या धावफलकावर ४.३ षटके दिसतात, ती साडेचार षटके असतात : चार षटके आणि तीन चेंडू. षटक सहा चेंडूंचे, म्हणून ४.५ नंतर थेट ५. या ४.३ षटकांत ३६ धावा झाल्या तर धावगती किती? ३६ ला ४.३ ने भागणारा ८.३७ सांगेल, खरे उत्तर ८ आहे, कारण भागायचे ते ४.५ ने.

धावगती चुकली तर फार बिघडत नाही, जमिनीत चुकले तर बिघडते. आपल्याकडे दोन एकर वीस गुंठे ही जमीन २.२० अशी लिहायची पद्धत आहे. एकराचे गुंठे चाळीस, म्हणजे ही अडीच एकर झाली. पण कोणी ते टिंब दशांशाचे समजला, तर २.२० एकर म्हणजे दोन एकर आणि एकराचा पाचवा हिस्सा, आठ गुंठे. बारा गुंठ्यांचा, म्हणजे बाराशे चौरस मीटरहून जास्त फरक पडला. बेरजेतही तेच. २.२० आणि १.३० यांची कॅल्क्युलेटरवर बेरीज ३.५० येईल. खरी बेरीज तीन एकर पन्नास गुंठे, म्हणजे चार एकर दहा गुंठे. सातबारावर मात्र क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्ये असते. हेक्टरचे शंभर आर, आरचे शंभर चौरस मीटर. इथे प्रत्येक पायरी शंभराची असल्यामुळे टिंब खरोखर दशांशाच्या वळणाने चालते. तीच अडीच एकर जमीन तिथे १.०१.१७ अशी दिसेल : एक हेक्टर, एक आर, सतरा चौरस मीटर. त्यातला ०१ चा शून्य गाळला तर एका आरचे दहा आर होण्याचा धोका. म्हणून नातीला आणि तुम्हालाही एकच तपासणी सांगतो : टिंबाच्या दोन्ही बाजूंची पायरी दहाची (किंवा शंभराची) आहे का ते पाहा. सहाची, चाळिसाची किंवा साठाची असेल तर ते दशांश चिन्ह नव्हे.

आता इतिहास. यात तीन गोष्टी एकमेकींत मिसळल्या जातात आणि वादही त्यातूनच होतात. दहा-दहाने मोजणे ही एक. अंकाच्या जागेवरून त्याची किंमत ठरवणे आणि रिकाम्या जागी शून्य लिहिणे ही दुसरी. तीच जागेची रीत एकाच्या खाली नेणे ही तिसरी. या तिन्हींचे काळ वेगळे, गावेही वेगळी.

दहाने मोजणे कोणा एकाचे नाही. हाताला बोटे दहा, म्हणून इजिप्त, रोम, चीन, भारत सगळीकडे माणसे दहाने मोजू लागली. पण दहाने मोजणारा प्रत्येकजण जागेची किंमत वापरत होता असे नाही. याचा पुरावा आपल्या घाटमाथ्यावरच आहे. जुन्नरजवळच्या नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनकाळचा, साधारण इसवी सनाच्या आधीच्या पहिल्या शतकातला लेख आहे. यज्ञांत दिलेल्या गायी, घोडे आणि कार्षापण नाण्यांचे आकडे त्यात कोरले आहेत. चोवीस हजार चारशेपर्यंतचे. ट्रेकिंगला जाणारे पुष्कळजण त्या भिंतीसमोर फोटो काढतात, पण तिथले आकडे फार थोडे पाहतात. त्यात दहासाठी वेगळी खूण, शंभरासाठी वेगळी, हजारासाठी वेगळी. शून्य नाही, कारण गरजच नाही : शंभराची खूण कुठेही लिहिली तरी ती शंभरच. मोजणी दहाची, पण जागेला किंमत नाही.

पुढच्या काही शतकांत भारतात ती दुसरी पायरी ओलांडली गेली. इसवी सन ४९९ च्या सुमारास आर्यभटाने एका स्थानाहून पुढचे स्थान दहापट असते हे स्पष्ट नोंदवले. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने शून्याशी बेरीज, वजाबाकी, गुणाकार कसे करायचे त्याचे नियम दिले. ६६२ मध्ये सिरियातला सेव्हेरस सेबोख्त हा धर्मगुरू हिंदूंच्या नऊ चिन्हांच्या हिशेबाची वाखाणणी करताना दिसतो. म्हणजे कीर्ती तोवर तिकडे पोचली होती. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरात ८७६ सालच्या शिलालेखात २७० आणि ५० हे आकडे आज आपण लिहितो तसेच, शून्यासकट कोरलेले आहेत. ‘शून्याचा शोध आर्यभटाने लावला’ हे वाक्य आपण सहज बोलून जातो. पण ही रीत एका माणसाच्या डोक्यातून एका दिवसात निघालेली नाही. कित्येक पिढ्यांच्या वापरातून ती घडत गेली आणि माझ्या मते तिचे मोठेपण त्यातच जास्त आहे.

इथवर आलो, तर मग तिसरी पायरी आपल्याकडेच का नाही चढली गेली? तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा हा आहे. ‘सुचली नाही’ एवढे उत्तर पुरेसे नाही. एकाहून लहान राशींसाठी आपल्याकडे अगोदरच चांगल्या सोयी होत्या, म्हणून तिच्यावाचून अडले नाही.

पहिली सोय साध्या अपूर्णांकांची. अंश वर, छेद खाली, मध्ये रेघ नाही, अशी लिहिण्याची रीत होती आणि त्यांचे सगळे नियम ग्रंथांत दिलेले होते. दुसरी सोय लहान एककांची. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ (११५०) सुरू होते तीच मुळी कोष्टकांनी : वीस वराटक म्हणजे कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. निष्काचा दोनशे छप्पन्नावा हिस्सा सांगायला अपूर्णांक लागतच नाही, ‘एक पण’ म्हटले की झाले. सोनाराकडेही तेच : आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. तिसरी सोय ज्योतिषांची. ते अंशाच्या साठ कला, कलेच्या साठ विकला करत. दिवसाच्या साठ घटी, घटीची साठ पळे. पंचांगात ही घटी-पळे अजून सापडतात. साठाची ही रीत मूळ बाबिलोनची, ग्रीकांमार्फत सगळीकडे पसरलेली. एककाच्या खाली पायरी-पायरीने उतरायची कल्पना तिच्यात पूर्ण आहे, फक्त पायरी साठाची.

चौथी सोय सर्वांत देखणी. अपूर्णांक नको असेल तर एककच प्रचंड मोठे घ्यायचे. वर्तुळाचा परीघ व्यासाच्या किती पट, हे सांगताना आर्यभटाने व्यास वीस हजार घेतला आणि परीघ ६२,८३२ सांगितला. भागाकार केला तर ३.१४१६ येते, पण त्याने भागाकार केला नाही, दोन पूर्ण संख्या दिल्या. केरळातला माधव (सुमारे १३४० ते १४२५) याही पुढे गेला. त्याच्या नावाने नोंदवलेली किंमत अशी, की व्यास नऊ निखर्व असेल, तर परीघ २८,२७,४३,३३,८८,२३३. निखर्व म्हणजे एकावर अकरा शून्ये. हा भागाकार करून पाहा : ३.१४१५९२६५३५९, टिंबानंतरच्या अकरा घरांपर्यंत बरोबर. या माणसाला दशांश चिन्ह ठाऊक नव्हते, आणि अकरा दशांश स्थळांपर्यंतचे उत्तर त्याच्या हातात होते. आपल्याकडे वरच्या बाजूला परार्धापर्यंत, म्हणजे एकावर सतरा शून्यांपर्यंत प्रत्येक घराला स्वतःचे नाव होते. इतकी लांब शिडी वर असताना खाली उतरायची निकड वाटली नाही.

तुमच्या आजोबांची पावकी-निमकीही याच समजूतदार परंपरेतली. रुपयाचे आणे सोळा. सोळाचे अर्धे आठ, पाव चार, अर्धा पाव दोन, त्याचेही निम्मे एक. चार वेळा निम्मे करा, कुठेच तुकडा पडत नाही. दहाचे निम्मे पाच आणि पुढच्याच निम्म्याला अडीच. बाजारात माल अर्धा, पाव, पाऊण असाच विकला जाई, म्हणून पाढेही तसेच : पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, आणि साडेतीनची औटकी. सव्वा रुपया शेराने बारा शेर घेतले तर सवायकीतला बारावा आकडा, पंधरा, जिभेवर तयार. १.२५ गुणिले १२ असा गुणाकार मांडायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या आत गिऱ्हाईक दुकानातून बाहेर पडलेले असे. ज्या मापांसाठी ते पाढे होते, त्या मापांत त्यांना तोड नव्हती. ‘जुन्या लोकांना दशांश येत नव्हते’ हे म्हणणे म्हणूनच मला अन्यायाचे वाटते.

तिसऱ्या पायरीचा आज उपलब्ध असलेला जुना लेखी पुरावा दमास्कसचा आहे. तिथे ९५२-५३ मध्ये अल्-उक्लिदिसी नावाच्या गणित्याने एक ग्रंथ लिहिला. ग्रंथाचा विषय होता ‘हिंदी हिशेब’, म्हणजे भारतातून गेलेली हीच अंकपद्धत. त्या काळी हे हिशेब धूळपाटीवर करत. पाटीवर धूळ पसरायची, बोटाने आकडे काढायचे, पुढची पायरी आली की आधीचे पुसायचे. उक्लिदिसीने त्याऐवजी शाई आणि कागद वापरायला सांगितले. कागदावर पायऱ्या पुसल्या जात नाहीत, त्यामुळे हिशेब पुन्हा तपासता येतो. याच ग्रंथात त्याने १९ ही संख्या पाच वेळा निम्मी केली आहे : साडेनऊ, मग ४.७५, २.३७५, १.१८७५ आणि शेवटी ०.५९३७५. विषम अंक निम्मा करताना उरलेल्या अर्ध्याचे ‘पाच’ पुढच्या घरात लिहायचे आणि एककाच्या अंकावर एक छोटी खूण करायची, म्हणजे एकक कुठला ते हरवत नाही. त्या खुणेचे काम आणि आपल्या टिंबाचे काम अगदी एकच. चीनमध्येही तिसऱ्या शतकात ल्यु हुई याने लांबीची एकके दहा-दहाने लहान करत नेली होती, आणि एककांची नावे संपल्यावरही दहाने भागत राहा असे सांगितले होते.

समरकंदच्या वेधशाळेत काम करणाऱ्या अल्-काशीने हा धागा पक्का केला. वर्तुळाचा हिशेब त्याने आधी ज्योतिषांच्या साठाच्या रीतीत केला आणि मग ज्यांना ती येत नाही त्यांच्यासाठी दशांशांत उतरवला, सोळा दशांश स्थळांपर्यंत. १४२७ च्या त्याच्या अंकगणितावरच्या ग्रंथात दशांश अपूर्णांकांचे रीतसर विवेचन आहे.

ही रीत विद्वानांच्या खोलीतून बाजारात आणण्याचे श्रेय मात्र सायमन स्टेव्हिनला द्यावे लागते. ब्रुजमध्ये जन्मलेला हा अभियंता. १५८५ मध्ये त्याने लायडनहून डच भाषेत एक लहानशी पुस्तिका काढली. लॅटिनमध्ये नव्हे, लोकांच्या भाषेत. ती त्याने ज्योतिषी, जमीन मोजणारे, कापड मोजणारे, दारूची पिंपे मापणारे, टांकसाळीचे अधिकारी आणि व्यापारी यांना उद्देशून लिहिली. अपूर्णांकांचे सगळे हिशेब पूर्ण संख्यांसारखेच करता येतात, हे त्याचे सांगणे. त्याची लिहिण्याची पद्धत आपल्याला अवजड वाटेल. २७.८४७ ही संख्या तो २७ पुढे वर्तुळात शून्य, ८ पुढे वर्तुळात एक, ४ पुढे वर्तुळात दोन, ७ पुढे वर्तुळात तीन अशी लिही. प्रत्येक अंकाला घराचा क्रमांक चिकटवलेला. एककाचे घर कळले की बाकीचे क्रमांक लिहिण्याची गरज नाही, हे लोकांच्या लक्षात यायला फार वेळ लागला नाही. क्लाव्हियस नावाच्या गणित्याच्या १५९३ च्या एका कोष्टकात टिंब आहे; १६१४ मध्ये लॉगॅरिथम जगापुढे आणणाऱ्या नेपिअरच्या लिखाणात टिंबही दिसते आणि स्वल्पविरामही. लॉगची कोष्टके दशांशांशिवाय चालत नाहीत. नाविकांनी आणि ज्योतिषांनी कोष्टके उचलली, त्यांच्याबरोबर दशांशही सगळीकडे गेले.

म्हणजे हिशेब असा मांडावा लागेल : घरांची किंमत आणि शून्य भारताचे, एककाच्या उजवीकडची घरे अरबी आणि इराणी गणित्यांनी याच ‘हिंदी हिशेबा’वर बांधलेली, आणि आजचे टिंब युरोपातले. एकाचेच नाव लावायचा आग्रह धरला तर बाकीच्यांवर अन्याय होतो.

स्टेव्हिनने त्याच पुस्तिकेत आणखी एक मागणी केली होती : सरकारांनी नाणी आणि मापेही दहाची करावीत. कारण सरळ आहे. आकडे दहाचे आणि नाणी सोळाची असतील, तर दशांशांचा उपयोग अर्धाच. रशियाने १७०४ मध्ये रूबलचे शंभर कोपेक केले, अमेरिकेने १७९२ मध्ये डॉलरचे शंभर सेंट. भारतात १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर ‘नवे पैसे’ झाले. ब्रिटनने स्वतः हे १९७१ मध्ये केले, आपल्यानंतर चौदा वर्षांनी.

त्या बदलाची एक गंमत सांगण्यासारखी आहे. रुपयाचा सोळावा हिस्सा म्हणजे आणा, तो नेमका सव्वासहा नव्या पैशांचा. पाव पैशाचे नाणे नाही, म्हणून जवळच्या पूर्ण पैशात बदल ठरवला : एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस, चार आण्यांचे पंचवीस. एकेक आणा सोळा वेळा बदलला तर शहाण्णवच पैसे होत, आणि रुपया मात्र शंभराचा. चार, आठ आणि बारा आणे मात्र बरोबर २५, ५० आणि ७५ वर बसले. म्हणून तीन आणे बोलण्यातून गेले, पण पन्नास पैशांना ‘आठ आणे’ म्हणणे कित्येक वर्षे टिकले. ‘नवे’ हे विशेषण १९६४ मध्ये गेले. वजनांचा बदल ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने झाला. शेर आणि मण गेले. तोळा राहिला, पण ११.६६ ग्रॅमचा तो तोळा सराफाच्या दुकानात आता दहा ग्रॅमचा झाला आहे. दशांशाने त्यालाही आपल्या घरात ओढले.

घड्याळाला मात्र ते जमले नाही. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर १७९३ मध्ये दिवसाचे दहा तास, तासाची शंभर मिनिटे असा कायदा झाला. तशी घड्याळेही बनली. एप्रिल १७९५ मध्ये मेट्रिक मापांचा कायदा आला, त्यातच हे दशमान घड्याळ स्थगित केले गेले. साठात एक गुण आहे जो दहात नाही : त्याचे तीन सारखे भाग होतात. तासाचा तिसरा हिस्सा वीस मिनिटे. दहाचा तिसरा हिस्सा ३.३३३…, न संपणारा.

यावरून पुष्कळांना वाटते की एक तृतीयांश ही संख्याच अर्धवट किंवा अनंत आहे. तसे नाही. एक तृतीयांश पूर्ण निश्चित आहे. न संपणारे आहे ते तिचे दहाच्या घरांतले लिखाण. ज्या अपूर्णांकाचा छेद, संक्षेप केल्यावर, फक्त २ आणि ५ यांच्या गुणाकारातून बनतो, त्याचेच दशांश रूप संपते, कारण दहा हा २ आणि ५ चाच गुणाकार. म्हणून एक सोळांश ०.०६२५ वर थांबतो (आणा सव्वासहा पैशांचा, तो याचमुळे), आणि एक सप्तमांश १४२८५७ हेच सहा अंक पुन्हा पुन्हा फिरवत राहतो.

संगणकालाही हाच त्रास आहे. तो दोनाच्या घरांत मोजतो, त्यामुळे त्याच्यासाठी एक दशांशही न संपणारा. कित्येक संगणकभाषांत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज मागितली, तर ०.३ च्या पुढे बरीच शून्ये येऊन सतराव्या घरात एक ४ उगवतो. म्हणून पैशांचे हिशेब ठेवणारी अनेक सॉफ्टवेअर रुपये टिंबाने ठेवतच नाहीत. सगळी रक्कम पैशांत, पूर्ण संख्येत धरतात. माधवाने व्यास नऊ निखर्व घेतला होता, तो याच विचाराने.

शेवटी, तुमच्या घरचे कोणी परदेशात असेल तर उपयोगी पडेल असे एक. जर्मनी, फ्रान्स आणि युरोपातल्या आणखी पुष्कळ देशांत दशांशासाठी टिंब नव्हे, स्वल्पविराम वापरतात. दीड तिथे १,५ असा लिहितात. जर्मनीत टिंब हजाराचा गट दाखवायला येते, म्हणून तिथल्या बिलावर १.५०० दिसले तर ते दीड हजार. वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २००३ मध्ये दोन्ही चिन्हे ग्राह्य धरली आणि मोठ्या संख्यांचे गट पाडायला दोन्हींपैकी काही न वापरता नुसती मोकळी जागा सोडावी असे सांगितले. तिकडून एखादा आकडा आला, की तो कोणत्या देशाच्या पद्धतीने लिहिला आहे हे आधी विचारून घ्यावे.